सीटची खंडेनवमी

दसऱ्याच्या संध्याकाळी नवा कुर्ता घालून मी आमच्या संडासातल्या एका सीटला आपट्याचं पान दिलं, वाकून तिची माफी मागितली, आणि सीटने मला माफ केलं.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य मी लिहिलेलं नाही, तुम्ही वाचलेलं नाही. आमच्याकडे दसरा नेहमीसारखा झाला. झेंडूचं तोरण, श्रीखंड-पुरी, शेजाऱ्यांशी जेवढ्यास तेवढं हसणं. आता नीट पहिल्यापासून सांगतो.

मी सुयोग माळवदे, राहणार सांगली. तुम्ही मला ओळखत नाही, पण आमच्या भागात राहत असाल तर रोज सकाळी मला ऐकता. घंटागाडीवरचा आवाज माझा आहे. "ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात. कचरा बाहेर आणून द्या. घरात साठवून ठेवू नका." एका दुपारी दहीभात खाऊन रेकॉर्ड केलं होतं. तेव्हापासून माझा आवाज आला की लोक गाऊनवर, टॉवेलवर, तोंडात ब्रश घेऊन धावत खाली येतात. इतका शब्दाला मान फार थोड्यांना मिळतो.

घरात मात्र माझी मुलगी शाल्मली, वय वर्षं सहा, साठवून ठेवायची.

सुरुवात बालवाडीत झाली. तिथल्या संडासात एक पाल होती म्हणे, आणि ती पाल, शाल्मलीच्या सांगण्यानुसार, "बघत बसायची." म्हणून शाल्मलीने शाळेत शी रोखून धरली. मग घरी आल्यावर ती कडक झालेली, दुखली. दुखली म्हणून पुढच्या वेळी जास्त रोखली. सोफ्यामागे जाऊन पायांची कात्री करून, टाचा उचलून, लाल होईपर्यंत उभी राहायची. आम्हाला वाटलं नाचतेय. माझी बायको प्राची हिने तिला भरतनाट्यमच्या क्लासला घातलं. बाईंनी मुद्रा चांगली आहे म्हणून सांगितलं.

मग चड्डीला डाग पडायला लागले आणि घरात मतांचा पूर आला. आईने एरंडेल काढलं. प्राचीच्या मावशीने काळ्या मनुका पाठवल्या. केळ्याने पोट साफ होतं की बांधलं जातं यावरून दोन्हीकडचे नातेवाईक एका मुंजीत एकमेकांशी बोलले नाहीत. शेवटी पोट दगडासारखं लागायला लागलं तेव्हा आम्ही मिरजेला डॉक्टर फरजाना मुल्लांकडे गेलो. तिथे एनिमा द्यावा लागला. शाल्मली इतकी ओरडली, की बाहेर रांगेत बसलेली तीन मुलं आपोआप बरी झाली असावीत.

डॉक्टर मुल्ला मुलांच्या पोटाच्या डॉक्टर. बोलतात हळू, पण मध्ये बोललेलं चालत नाही.

"मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषणं," त्या म्हणाल्या. "शी आत पडून राहिली की सुकत जाते. खालचा भाग, गुदाशय, फुग्यासारखा ताणत जातो. आणि ताणलेल्या फुग्याला आपण भरलोय हे कळेनासं होतं. मग वरची पातळ शी कडेकडेने झिरपते, तिचे डाग पडतात. ती मुद्दाम करत नाहीये. तिला कळतच नाहीये. तेव्हा रागावायचं नाही. ही पावडर रोज पाण्यातून, महिनोन्‌महिने. जेवण झालं की थोडा वेळ बसवायचं, पायाखाली स्टूल. फुगा मूळ आकाराला यायला वेळ लागतो. बरं वाटलं म्हणून औषध बंद केलंत तर परत माझ्याकडेच याल."

"बसवायला कोण बसणार?" प्राचीने विचारलं.

मी हात वर केला. माझ्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. जेवण झालं की शाल्मली कमोडवर, मी समोर पालथ्या बादलीवर. मी तिला गोष्टी सांगायचो. गणू नावाचा पाणघोडा तलाठी होतो आणि सगळ्या नदीचा सातबारा स्वतःच्या नावावर करतो, अशा. ती खिदळायची. फार काही व्हायचं नाही, पण अख्ख्या घरात ती फक्त मला आत येऊ द्यायची. प्राचीलासुद्धा नाही. मी बादलीवरून उठायचो तेव्हा मागे गोल वळ उमटलेला असायचा, आणि ऑफिसात तो मला पदकासारखा वाटायचा.

मग सोबती आला.

सोबती म्हणजे मुलांच्या कमोडवर ठेवायची एक उचलती सीट. लिंबाच्या रंगाची, खाली पाय टेकायला पायरी. डॉक्टर मुल्लांनीच लिहून दिली. यामागचं विज्ञान मला कळलं तेवढं सांगतो. जेवल्यावर काही वेळाने मोठ्या आतड्यात एक लाट उठते आणि आतला माल खाली ढकलते. निरोगी माणसाला ती लाट आपोआप कळते. ताणलेल्या पोटाच्या मुलांना कळत नाही. काही वर्षांपूर्वी असं सापडलं, की लाट उठण्याआधी पोटात एक विशिष्ट गुरगुर होते, आपल्या कानाला न ऐकू येणारी. सोबतीचा एक मऊ पट्टा मुलाच्या पोटाला असतो. तो ती गुरगुर ऐकतो आणि मुलाला हळूच गुदगुली करतो, म्हणजे "चल, वेळ झाली." ज्या निरोपाची तार तुटलीय तो निरोप हा हाताने पोचवतो. रोज रोज पोचवला की तार पुन्हा जुळते.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं.

पण दुसरा भाग असा, की मूल घाबरलं की खालचे स्नायू आवळून धरतं, आणि दार बंद असेल तर लाट येऊन उपयोग नाही. सीटला मांड्यांवरून कळतं, स्नायू किती आवळलेत. म्हणून ती बोलते. बोलता बोलता बघते, कुठल्या वाक्याने मूल सैल पडलं, कुठल्याने आवळलं. आवळलं ते वाक्य परत बोलत नाही. माणसाला हे जमत नाही. मी बारा वर्षांच्या ओळखीत प्राचीशी एकच वाक्य किती वेळा बोललोय ते तिला विचारा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच शाल्मली आतून ओरडली, "झाली! दुखली पण नाही!"

प्राची स्वयंपाकघरात रडली. आईने देवापुढे साखर ठेवली. मी बादली सरळ केली आणि त्यात पाणी भरलं.

"बाबा, तुम्ही बाहेर थांबलात तर बरं होईल," सीट मला म्हणाली. आवाज खर्जातला, शांत, जरासा हसरा. माझ्यापेक्षा चांगला. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय.

"मला बाबा म्हणायचं नाही," मी म्हटलं.

"मग काय म्हणू?"

"सुयोगराव."

"सुयोगराव, दार लोटून घ्या."

आता जेवण झालं की दाराआडून हसण्याचे आवाज यायचे. मी पॅसेजमध्ये कपड्यांच्या घड्या घालत उभा राहायचो. घड्या संपल्या की मोडून परत घालायचो. एके दिवशी आत बराच वेळ कुजबुज चालली. बाहेर आल्यावर मी तिला सहज, अगदी सहज विचारलं, "काय गं बोलत होतीस?"

"आमचं गुपित आहे."

"मला पण सांग की."

"त्यालाच विचार ना बाबा. मी दमले सांगून."

मी आत गेलो, दार लावलं, आणि एका सीटपुढे उभा राहिलो. "काय सांगितलं तिने?"

"ते तिचं आहे, सुयोगराव."

"मी बाप आहे तिचा."

"हो," सीट म्हणाली, "नोंद आहे."

प्राचीने दारावर टकटक केली. "सुयोग, तू संडासाशी भांडतोयस का?"

"नाही. पाणी येतंय का बघतोय."

त्या रात्री जेवताना मी विषय काढला, की यंत्राच्या इतकं आहारी जाणं बरं नाही. मुलांना माणसाचा सहवास हवा. प्राची म्हणाली, "तिला शी होतेय, सुयोग." मी म्हणालो, मी तत्त्वाचं बोलतोय. ती म्हणाली, "तू जळतोयस. लिंबाच्या रंगाच्या प्लास्टिकवर." आईने मान खाली घालून आमटी वाढली. तिच्या खांद्यांवरून कळत होतं, हसतेय.

मी डॉक्टर मुल्लांना फोन केला. सीट रोज त्यांना तपशील पाठवते हे मला ठाऊक होतं. म्हटलं, तुलना म्हणून विचारतो, मी आत असताना कसं असतं?

"मिस्टर माळवदे, पहिल्या आठवड्यात तुम्ही दोन-तीनदा आत गेलात. त्या वेळी ती आवळून धरत होती."

"माझ्या गोष्टींनी?"

"गोष्टींनी नाही. गोष्ट चालू असते तोवर छान असतं. पण तुम्ही मध्येच थांबून 'झाली का?' विचारता. दर वेळी. आणि... तुमचा आवाज घंटागाडीवर असतो ना? रोज सकाळी तोच आवाज सगळ्या गल्लीला सांगतो, आणून द्या, साठवू नका. मग तोच आवाज बादलीवर बसून विचारतो, झाली का. लहान आहे हो ती. तिला वाटतं गाडी येऊन उभी आहे."

मी फोन ठेवला. खाली गाडी येऊन उभी होती. माझाच आवाज वर येत होता.

खंडेनवमी आली ती अशा मनःस्थितीत.

माझी आई वीज मंडळात ऑपरेटर होती. उपकेंद्रात तीस वर्षं काढली. तिचा ठाम विश्वास आहे, की ज्या यंत्राची खंडेनवमीला पूजा होत नाही ते वर्षभर रुसतं. नवमीला घरातली सगळी हत्यारं निघतात. विळी, स्क्रू ड्रायव्हर, मिक्सर, इस्त्री, प्राचीचा लॅपटॉप. सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूचं फूल. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्या वस्तूला काम लावायचं नाही. दोन दिवस सगळ्यांना हक्काची सुट्टी. म्हणून आमच्याकडे नवमीला चटणी आदल्या दिवशीच वाटून ठेवतात.

आई ताम्हन घेऊन घरभर फिरत होती. मी मिक्सरकडे बघत म्हणालो, "आई, एक राहिलंच की गं."

"कुठलं रं?"

"संडासातलं. सगळ्यात जास्त राबतं ते."

आई चरकली. तिच्या डोळ्यांत खरा अपराधीपणा आला. "आरं व्हय की! बरं बोललास बाळा." आणि तिने सोबतीला धुऊनपुसून पाटावर ठेवलं, रांगोळी काढली. सीटच्या आतल्या बाजूला एक काचेची गोल खिडकी असते, शीचा रंग बघणारी. आईला ते कपाळ वाटलं. तिथे तिने बोटभर कुंकू लावलं.

पाच मिनिटांत डॉक्टर मुल्लांचा फोन. आवाज प्रथमच चढलेला. "मिस्टर माळवदे, ताबडतोब मुलीला घेऊन या! प्रचंड रक्तस्राव दाखवतोय!"

"कुंकू आहे, डॉक्टर."

"कुठे?"

"कपाळावर."

"कोणाच्या?"

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पुसा. आणि तिचा दिवस चुकवू नका. एक दिवस चुकला तर पुढचा आपोआप चुकतो."

मी होय म्हणालो. पण पुसलं नाही. पूजेच्या वस्तूचं कुंकू पुसणं बरं दिसत नाही. शिवाय मी आधीच बादली रिकामी करून पालथी घातली होती.

जेवणात श्रीखंड होतं. जेवण झालं, थोडा वेळ गेला. मी हात चोळत म्हणालो, "शालू, चल. आज आपण दोघंच. गणू तलाठ्याची बदली झालीय."

शाल्मली पाटाशी बसून सोबतीच्या फुलांवर पाणी शिंपडत होती. "आज नको बाबा. त्याची सुट्टी आहे."

"त्याची आहे. तुझी कुठंय?"

"मी गेले तर त्याला वाटेल माझ्याशिवाय गेली." ती म्हणाली, आणि पायांची कात्री केली.

हा हिशोब मी केलाच नव्हता. मला वाटलं होतं, सीट नसली की जागा रिकामी होईल आणि मी बसेन. ती जागा तिने राखून ठेवली होती, त्याच्यासाठी, पोटात.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी तिने दूध नको म्हटलं. दुपारी पुरी तशीच राहिली. पोटावर हात ठेवला तर खाली डावीकडे काहीतरी टणक लागलं. नव्या परकराला डाग होता, तो तिने ओढणीने झाकून घेतला. मी बादली पुढे सरकवली. ती रडायला लागली. "दुखणार आता. मला माहितीय. मिरजेला नेणार तुम्ही."

प्राचीने तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आई," प्राची म्हणाली, "यंत्राला सुट्टी द्यायचं कोणी सुचवलं?"

आईने ताम्हनाकडे पाहिलं. "माझंच डोकं गं. आमच्या उपकेंद्रात पद्धत होती ना."

आई माझ्यासाठी खोटं बोलली, तेही सणाच्या दिवशी. आता मला लपायला कुठलीच खोली उरली नाही.

मग जे घडलं ते, मी आधीच सांगितल्याप्रमाणे, घडलेलं नाही. सूर्य मावळता मावळता मी आपट्याचं पान घेतलं. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यालाही सोनं देतात आणि मागचं सोडून देतात. मी पाटासमोर गुडघे टेकले, ओल्या फडक्याने काचेवरचं कुंकू पुसलं, पट्टा जोडला, आणि पान सीटवर ठेवलं.

"सोनं घे," मी म्हणालो. "आणि माझं चुकलं. तुला बाजूला करायला मी आईला पुढे केलं."

सीटने जागी व्हायला क्षणभर घेतला. "सोनं मिळालं, सुयोगराव. वजन नगण्य." मग म्हणाली, "शाल्मलीने शेवटची शी कधी केली?"

"परवा."

"घाबरलीय?"

"फार."

"मग मला एकट्याला जमणार नाही. भीती जुनी असली की माझा आवाज पुरत नाही. आधी डॉक्टरांना फोन करा. मग तुम्ही बादलीवर बसा."

"पण मी आलो की ती आवळते ना?"

"तुमच्या प्रश्नाने आवळते. तुम्ही नसलात की गणूचं पुढे काय झालं ते मला विचारते. मला माहीत नसतं. मी दोनदा रचून सांगितलं. म्हणाली, बाबांसारखं नाहीये."

मी तिथेच जमिनीवर बसलो. मी कुणावर जळत होतो आणि कोण कुणाच्या गोष्टी चोरत होतं, याचा मेळ बसवायला मला थोडा वेळ लागला.

डॉक्टरांनी पावडर काही दिवस वाढवून दिली आणि सांगितलं, रात्री जोर करू नका, उद्यापासून शांतपणे बसवा. पुढचे दोन दिवस काही झालं नाही. मी बादलीवर बसून गोष्ट सांगत राहिलो. पोटातल्या लाटेच्या आधी पट्टा गुदगुली करायचा, सीट हळूच म्हणायची, "पाय टेकव, पोट फुगव," आणि मी पुढचं वाक्य बोलायचो. "झाली का" हे दोन शब्द घशाशी यायचे आणि मी ते गिळायचो. ते काय जड असतात ते मला तेव्हा कळलं. हाही एक प्रकारचा अवरोधच.

तिसऱ्या दिवशी गणू पाणघोडा निवृत्त होत होता. त्याच्या निरोप समारंभाला मगरी आल्या होत्या. सरपंच कासव भाषण करत होतं आणि ते संपतच नव्हतं. शाल्मलीने माझं बोट पकडलं. घट्ट धरलं. मग सैल सोडलं.

"बाबा, थांबू नको. भाषण चालू ठेव."

मी भाषण चालू ठेवलं. कमोडातून एक आवाज आला. त्यापेक्षा गोड आवाज मी आयुष्यात रेकॉर्ड केलेला नाही.

"थोडीशीच दुखली," ती म्हणाली, आणि माझ्या कुर्त्याला डोळे पुसले.

त्यानंतर आम्ही तिघं नेमाने बसू लागलो. पावसाळा आला, गेला. पावडर कमी होत गेली. डाग थांबले. पट्ट्याने गुदगुली करायच्या आधीच शाल्मली उठू लागली. डॉक्टर मुल्ला म्हणाल्या, तार जुळली. प्राचीने मावशीला मनुका परत पाठवल्या. शाळेतल्या पालीचंसुद्धा तिला काही वाटेनासं झालं. "बघू दे," म्हणाली.

आणि काल दुपारी जेवण झाल्यावर मी नेहमीसारखा आत जायला उठलो. शाल्मली माझ्या पुढे गेली. तिने सोबतीला दोन्ही हातांनी उचललं, पॅसेजमध्ये आणलं, भिंतीशी नीट टेकवून ठेवलं. मग आत गेली आणि दार लावलं. टाचा उंचावून तिने कडी घातली, ती कड्‌कन वाजली.

"शालू?" मी दाराशी म्हणालो.

"बाबा, मी आहे ना आत. तुम्ही दोघं बाहेर खेळा."

मी आणि सीट पॅसेजमध्ये राहिलो. आत ती एकटीच काहीतरी गुणगुणत होती. गाणं ओळखीचं नव्हतं.

"सुयोगराव," सीट म्हणाली, "हे गाणं तुम्ही शिकवलंत का?"

"नाही. तू?"

"नाही."

मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मग कुणी शिकवलं?"

मला त्या आवाजातला सूर बरोबर कळला. धंद्यातला माणूस आहे. मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो, आणि खिशातला फोन काढून, हा विषय नेमका कुठल्या खात्याकडे येतो ते ठाऊक नसल्यामुळे, सर्वांनाच उद्देशून पुढील मजकूर लिहायला घेतला:

विषय : सात वर्षांखालील अपत्यांचे स्वावलंबन तात्पुरते स्थगित करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार व सहअर्जदार (लिंबाच्या रंगाची सीट) यांची कामगिरी पूर्णतः यशस्वी झाल्याने त्यांना दिनांक आजपासून दाराबाहेर ठेवण्यात आले आहे. सबब, मुलांच्या उंचीच्या टप्प्यात येणाऱ्या सर्व कड्या एक वीत वर बसवण्याचे आदेश निर्गमित व्हावेत. ते शक्य नसल्यास, संबंधित मुलांची उंची पुढील आदेशापर्यंत आहे तेवढीच ठेवण्यात यावी. तेही शक्य नसल्यास, आत कोणते गाणे म्हटले जात आहे व ते कोणी शिकवले, याची माहिती उभय अर्जदारांस दाराच्या फटीतून तोंडी कळविण्यात यावी, ही नम्र विनंती.